इरप्पाची लाल गाठ

इरप्पाला मी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत होतो, हे आधीच सांगून टाकतो. तो पन्नाशीला टेकलेला, मी तेवीस वर्षांचा. गिरणीतली लहानथोर सगळी माणसं त्याला 'अण्णा' म्हणायची. मॅनेजरसाहेबसुद्धा 'इरप्पा, जरा बघता का?' असं विचारायचे. मी मात्र 'इरप्पा, इकडे ये रे' म्हणायचो. तसं वागायला मला कुणी सांगितलं नव्हतं. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, पुण्यात तीन महिन्यांचं ट्रेनिंग झालं होतं आणि गिरणीत येऊ घातलेल्या कॉम्प्युटरचा मी एकटाच ऑपरेटर होतो. एवढ्यावर आपल्याला वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे म्हणायचा परवाना मिळाला, असं मी धरून चाललो होतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची सहकारी सूतगिरणी अक्कलकोट रोडला होती. मी सात रस्त्याजवळच्या खोलीवरून सायकल हाणत जायचो. पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. इरप्पा मात्र माझ्या आधी तासभर येऊन, अख्ख्या गिरणीला एक फेरी मारून, मगच पहिला चहा प्यायचा. फेरी झाल्याशिवाय चहा नाही, हा त्याचा नेम. चहा कुणी आग्रहानं पुढं केला तरी तो कप बाजूला ठेवायला लावायचा आणि परत येऊन तोच गार चहा प्यायचा.

बुटका, आडव्या अंगाचा माणूस. कपाळाला विभूतीच्या तीन पट्ट्या, खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पायात ट्रकच्या टायरच्या जाड चपला. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातला, घरात कानडी, गिरणीत मराठी. बंद पडलेलं काही चालू झालं की तो हलक्या आवाजात 'बंतु' म्हणायचा. म्हणजे आलं. दिवा लागो, पंखा फिरो, शंभर घोड्यांची मोटर घरघरो, इरप्पाचा शब्द तेवढा एकच. त्यात शाबासकी नसायची, आश्चर्य नसायचं. पाहुणा वेळेवर आला तर आपण जसं म्हणतो तसं.

त्या टायरच्या चपला तो कुठंच काढायचा नाही. पॅनेलच्या खोलीत देवाचा फोटो होता, त्याच्यासमोरही नाही. एकदा एका नव्या क्लार्कनं त्याला हटकलं, तर म्हणाला, "देव माफ करील. करंट करत न्हाई."

त्याच्या कामाची एक रीत होती. बिघडलेल्या वस्तूला तो लगेच हात लावायचा नाही. पेचकसाची लाकडी मूठ कानाला आणि टोक मशीनला लावून डॉक्टरसारखा ऐकत बसायचा. एकदा रिंग फ्रेमची, म्हणजे सूत काततात त्या लांबलचक साच्याची, एक मोटर रोज अकराच्या सुमाराला बंद पडायला लागली. फिटरनं ती दोनदा खोलली, दोनदा बसवली. इरप्पानं काय केलं, तर स्टूल घेतलं आणि दोन दिवस तिच्याशेजारी बसून राहिला. सुपरवायझरनं तक्रार केली की माणूस बसून पगार खातोय. तिसऱ्या दिवशी अकराला झाडणाऱ्या बायका भाकरी खायला बसल्या आणि त्यातल्या एकीनं कापसाच्या कचऱ्याची पाटी मोटरीच्या हवा घेणाऱ्या जाळीला टेकवून ठेवली. इरप्पा उठला, पाटी उचलून चार हात लांब ठेवली, स्टूल उचललं आणि निघाला. "हात शेवटी लावायचा, साहेब," तो मला नंतर म्हणाला. मी हसलो. मला ते गावठी वाटलं होतं.

लिहिण्यावाचण्याशी त्याचं फारसं जमत नव्हतं. त्यामुळं त्यानं स्वतःची एक लिपी केली होती, सुताच्या गाठींची. गिरणीत सुताला काय तोटा. तपासून ठीक असलेल्या जागी तो पांढऱ्या सुताची गाठ बांधायचा. जिथं धोका आहे, चालू करू नये, तिथं लाल. रंगवलेलं लाल सूत तो कुठून तरी मुद्दाम आणून ठेवायचा. त्याची लाल गाठ दिसली की गिरणीतला एकही माणूस त्या स्विचला हात लावत नसे. खुद्द मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधला पंखा एकदा भर मे महिन्यात लाल गाठीखाली दोन दिवस बंद राहिला होता. साहेब फायलीनं वारा घेत बसले, पण गाठ त्यांनी सोडली नाही.

आणि त्याची पिशवी. गिरणीच्या जुन्या चामडी पट्ट्याची, त्यानंच शिवलेली. तिच्यात पकड, दोन पेचकस, चिकटपट्टी, सुताच्या दोन रिळी आणि होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब, त्याला दोन लांब वायरी. या पिशवीबाबत तो भलताच नाजूक होता. एका वायरमननं न विचारता तिच्यातली पकड घेतली म्हणून इरप्पा त्याच्याशी पंधरा दिवस बोलला नाही. त्याच पंधरवड्यात त्या पोराचं लग्न आलं, तर इरप्पानं मांडवातले सगळे दिवे फुकटात लावून दिले, तेही खुणा करून. नवरदेवानं पाया पडल्यावर आशीर्वादसुद्धा हातानंच दिला.

दिवाळीनंतर कॉम्प्युटर आला. टेबलावर मावणारा, टीव्हीसारखा पडदा, हिरवी अक्षरं आणि तव्याएवढ्या लवचीक काळ्या चकत्या. कोणत्या साच्यावर किती सूत निघालं, ते किती तुटलं, याचे तक्ते तो मिनिटात काढणार होता. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली, एसी बसवला, खाली गालिचा टाकला. मी दारावर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात'. इरप्पानं ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि त्या दिवसापासून केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही. "चप्पल काढून विजेजवळ? म्या न्हाई येत," तो उंबऱ्यावरून म्हणाला. त्याचं काम तसंही बाहेरच होतं. केबिनचा मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर होता आणि अर्थिंगचा खड्डा मागच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. तो खड्डा इरप्पानं स्वतः खणला होता, माणूसभर खोल. आत लोखंडी पाइप उभा करून त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले होते, आणि पाइपाच्या तोंडावर नरसाळं. मशीनमधली चुकार वीज जमिनीत उतरावी यासाठी ही सोय असते. ओली माती वीज घेते, कोरडी घेत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल. ट्रेनिंगमध्ये त्यावर अर्ध्या तासाचं एक लेक्चरही झालं होतं, दुपारच्या जेवणानंतरचं. मी पेंगत होतो.

हिवाळाभर मशीन छान चाललं. सकाळी स्विच दाबायचा, पंख्याची घूं ऐकू यायची, दहा मोजेपर्यंत हिरवी ओळ उमटायची. गिरणीत मला 'कॉम्प्युटरसाहेब' म्हणायला लागले होते आणि ते मला आवडत होतं.

एप्रिल लागला आणि पाण्याचे हाल सुरू झाले. टँकरवर गिरणी चालायची, पिण्याचे माठ दुपारीच कोरडे पडायचे. अशात मी एका सकाळी लवकर गेलो, तर पत्र्याखाली इरप्पा दिसला. अंघोळ करून आलेला, ताजी विभूती, समोर बादली, आणि तांब्यानं नरसाळ्यात सावकाश पाणी घालतोय. बादली संपल्यावर त्यानं पाइपाला पांढरी गाठ बांधली आणि पाइपाला शिवून हात कपाळाला लावला. मला गंमत वाटली. त्या दुपारचा चहा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होता. तिथं मी ती नक्कल करून दाखवली. "कामगारांना प्यायला पाणी नाही आणि आपला वायरमन रोज सकाळी पाइपाला अभिषेक करतोय," असं म्हणालो. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनला लागतं का ते पाणी?"

मला माहीत नव्हतं. विचार केला असता तर कळलं असतं, पण आत्ताच सगळ्यांना हसवलेलं होतं. "छे सर," मी म्हणालो, "आपल्याला स्वतंत्र स्टॅबिलायझर आहे."

साहेबांनी पाणी बंद करायला सांगितलं. इरप्पा माझ्याकडं आला, उंबऱ्यावर उभा राहिला.

"साहेब, तुमी सांगा की त्यास्नी. तितं पत्रा हाय, पाऊस बी पडत न्हाई. जमीन वाळली तर ही तुमची पेटी लई तरास देईल."

"तू तुझ्या मोटरी बघ," मी म्हणालो. "याचं मी बघतो."

त्यानं पिशवी खांद्यावर घेतली. मग निघून गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात मशीन रुसायला लागलं. पंख्याची घूं यायची, पण पडदा काळाच. बंद करायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. कधी तिसऱ्या वेळेला चालू व्हायचं, कधी सातव्या. कधी नुसती किडामुंगीसारखी अक्षरं पडदाभर पसरायची. मी सगळ्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. आतली कार्डं खोडरबरानं पुसली. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर एकदा आला, दोन कार्डं बदलून गेला. दोन दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एकदा मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं तेव्हा मी डाव्या हातानं स्विच दाबला होता. दुसऱ्या दिवसापासून मी डावाच हात वापरायला लागलो. एकदा शिपाई बाहेर होता तेव्हा चालू झालं, म्हणून रोज सकाळी त्याला बाहेर काढायचो. आधी एसी, मग पंखा, मग वीस आकडे मोजायचे, मग स्विच, असा क्रम ठरवला. मंगळवारी निळा शर्ट घातला होता तेव्हा ते पहिल्याच झटक्यात चाललं, हेही माझ्या वहीत लिहिलेलं आहे. अभिषेकाची नक्कल करणारा मी. इरप्पा पाणी का घालतो हे त्याला ठाऊक होतं. मी डावा हात का वापरतो हे मला ठाऊक नव्हतं.

एक दिवस संचालक मंडळ मशीन बघायला येणार होतं. त्या सकाळी मी आलो, तर बाहेरच्या मेन स्विचच्या दांड्याला लाल गाठ. पक्की, दोन फेऱ्यांची. खाली इरप्पा उभा. त्याच्या हातात तो बल्ब होता. एक वायर लाइनला आणि दुसरी अर्थिंगला लावून त्यानं मला दाखवलं. बल्बची तार नुसती तांबूस झाली होती.

"दिवा लागंना, साहेब. जमीन घेत न्हाई. आज नका लावू. मला दोन बादल्या घालू द्या, मग लावा."

"माणसं दहाला येतायत, इरप्पा."

"म्हनूनच सांगतोय की."

मी केबिनमधून कात्री आणली आणि त्याच्यासमोर गाठ कापली. सूत खिशात टाकलं. त्यानं बल्ब काढून घेतला. वायरी गुंडाळल्या आणि गेला.

संचालक आले. मी डाव्या हातानं स्विच दाबला, उजव्या हातानं दाबला, अकरा वेळा दाबला. पडदा काळाच राहिला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. माणसं गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, हे काय आहे. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी खिशातून लाल सूत काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "सर, सकाळी मी यायच्या आधी मशीनच्या स्विचशी कुणीतरी खटपट केली होती."

मी नाव घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. लाल गाठ गिरणीत एकच माणूस बांधत होता.

इरप्पाला बोलावलं. तो पिशवीसकट आला.

"ही तुम्ही बांधली?"

"म्याच बांधली."

"कुणाला विचारून?"

"दिवा लागत नव्हता, म्हणून."

साहेबांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी समजावून सांगेन या अपेक्षेनं. इरप्पानंही माझ्याकडंच पाहिलं. त्या सकाळची तांबूस तार मी डोळ्यांनी पाहिली होती. मला त्या क्षणी सगळं समजलं होतं असं नाही, पण निम्मं समजलं होतं, आणि निम्मं पुरेसं होतं. मी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

त्याच दुपारी त्याला वायरमनच्या खात्यातून काढून वेस्ट गोदामात टाकलं. तिथं कापसाचा कचरा, तुटकं सूत आणि धूळ गोळा करून गठ्ठे बांधतात. पिशवी स्टोअरमध्ये जमा करायला लावली. ती त्यानं सगळ्या वायरमनांसमोर खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवली, असं मी ऐकलं. मी बघायला गेलो नव्हतो.

जूनच्या आरंभी इंजिनिअर पुन्हा आला. या वेळी त्यानं मशीन उघडलंच नाही. मीटर काढला, बाहेरच्या स्विचवर लावला आणि विचारलं, "खड्ड्याला पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"आधी घालत होतं का?"

मी मान हलवली. ती हो आणि नाही यांच्या मध्ये कुठंतरी हलली. त्यानं शिपायाला दोन बादल्या ओतायला लावल्या, तासभर थांबून स्विच दाबला. हिरवी ओळ आली. दहा वेळा बंद केलं, दहा वेळा आली. तो चहा पिऊन पुण्याला गेला. साहेबांनी मला विचारलं, "काय होतं शेवटी?" मी म्हणालो, "लाइनचा दोष होता, सर. सापडला." साहेबांनी पाठ थोपटली.

तेव्हा बोलायला हवं होतं. खोटं सांगत नाही, बोलायचं ठरवलं होतं. पण आज साहेब खुशीत आहेत, उद्या बोलू असं झालं, आणि उद्या साहेब कामात होते.

शिपायाला मी रोज पाणी घालायला सांगितलं. मशीन इतकं सुरळीत चाललं की मी त्या बाजूला फिरकलोही नाही. पाऊस सुरू झाला, मग लांबला. ऑगस्टमध्ये कधीतरी सायकल लावताना सहज लक्ष गेलं. पाइपाला पांढरी गाठ होती. ताजी. तिला कापसाची भुरभुर चिकटली होती. शिपायाला विचारलं तर तो ओशाळला. त्यानं जूनमध्येच चार दिवस पाणी घालून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याच्या आधी गेलो. इरप्पा गोदामाकडून आला. अंगावर, भुवयांवर, कानांच्या केसांवर कापूस. हातात पत्र्याचा डबा. पाणी त्यानं घरून सायकलला अडकवून आणलं होतं. नरसाळ्यात ओतताना त्याला खोकला आला. तो बराच वेळ खोकला आणि मग उरलेलं ओतलं. मी पुढं झालो.

"इरप्पा, अरे हे कशाला?"

"तुमच्या पेटीसाठी न्हाई, साहेब. खड्डा माजा हाय. म्या खणलाय."

मी म्हणालो, "मी साहेबांना सगळं सांगणार आहे."

"कधी?"

एवढंच विचारलं त्यानं. जूनपासून मला कुणीच ते विचारलं नव्हतं.

"खंडेनवमीला," मी म्हणालो. "सगळे जमतात तेव्हा."

तो पाइपाला गाठ बांधत होता. ती पुरी करून मग म्हणाला,

"मला बदली नको, काय नको. पिशवी तेवढी सगळ्यांम्होरं घेतली. तशीच सगळ्यांम्होरं द्या. खंडेनवमीला पुजायला काय तरी लागतं की माणसाला."

आमच्या गिरणीत खंडेनवमी मोठी असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी साचे धुवून पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या आणि प्रत्येकानं आपापली हत्यारं मांडून पुजायची. फिटरचे पाने, सुताराचा रंधा, झाडणाऱ्या बायकांचे खराटेसुद्धा. वर्षभर ज्यानं खायला घातलं त्याला त्या दिवशी कुंकू लावायचं. मी आदल्या दिवशी स्टोअरमध्ये गेलो. पिशवी फळीवर होती, तिला चिठ्ठी बांधलेली. स्टोअरकीपर म्हणाला, "साहेबांची सही आणा, लगेच देतो." "आणतो," मी म्हणालो.

त्या वर्षीचा मुख्य कार्यक्रम माझ्या केबिनसमोर ठेवला होता. कॉम्प्युटरला हार, स्विचला स्वस्तिक. बाहेरच्या मोकळ्या जागेत खात्याखात्याची हत्यारं ओळीनं मांडलेली. वायरमनांनी आपल्या पकडी, पेचकस ठेवले होते आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून रिकामा पाट मांडला होता. त्याच्यावर कुंकवाचं बोट आणि एक फूल. कुणाचा पाट आहे हे सगळ्यांना माहीत होतं. इरप्पा त्या पाटामागं उभा होता. कापूस झटकून, विभूती लावून आला होता. त्यानं टायरच्या चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या. त्याचे अनवाणी पाय मी पहिल्यांदाच पाहिले.

साहेब बोलायला उठले. पुण्याच्या कंपनीला जो दोष महिनाभर सापडला नाही तो आपल्या या तरुण ऑपरेटरनं शोधून काढला, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. त्यांनी माझी नोकरी कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दोन शब्द बोला."

मी बोललो. व्यवस्थापनाचे आभार मानले. कंपनीच्या इंजिनिअरचे मानले. "गिरणीतल्या सर्व खात्यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं," असंही म्हणालो, आणि म्हणताना त्या पाटाकडं पाहिलं नाही. वाक्य संपलं, पुन्हा टाळ्या झाल्या, नारळ फुटला. मी वर पाहिलं तेव्हा इरप्पा भिंतीशी वाकून चपला घालत होता.

दसऱ्यानंतर तो कामावर आला नाही. हिशेब पोराच्या हाती मागवून घेतला आणि गावी गेला. खोकला वाढला होता, असं वायरमन म्हणायचे. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. दहाव्या दिवशी मशीन पुन्हा रुसलं. मी बादली घेतली, मागं गेलो, पाणी घातलं. तासाभरानं स्विच दाबला. हिरवी ओळ आली. केबिनमध्ये मी एकटा होतो, बंतु म्हणायला कुणी नव्हतं. त्यानंतर त्या गिरणीत मी नऊ वर्षं होतो. ते मशीन गेलं, दुसरं आलं, खड्ड्याला पाणी मीच घालत राहिलो, भोंग्याच्या आधी, कुणी बघायच्या आत. एकदा स्टोअरची साफसफाई निघाली आणि पिशवी भंगारात गेली. त्या दिवशी मी रजेवर होतो असं मी बायकोला सांगितलं आहे. मी रजेवर नव्हतो.

पण आज इतक्या वर्षांनी घरातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि तो उठेपर्यंतचे चार क्षण मध्ये गेले, की मला पिशवी दिसत नाही, खड्डा दिसत नाही. त्या खंडेनवमीचं गिरणीचं गेट दिसतं. कार्यक्रम संपून माणसं पांगत होती. इरप्पा सायकल हातात धरून बाहेर पडत होता. पत्र माझ्या खिशात होतं, साहेब अजून आत होते, स्टोअर उघडं होतं. मी त्याच्या मागं जवळजवळ पळतच गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली, "इरप्पाअण्णा."

तो थांबला. सायकल स्टँडला लावली, माझ्याकडं वळला आणि दोन्ही हात मोकळे करून उभा राहिला, काहीतरी घ्यायला उभं राहावं तसा.

"बोला, साहेब."

"प्रसाद घेतला का तुम्ही?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सायकल पुन्हा स्टँडवरून काढली.

"घेतला की," तो म्हणाला, आणि अक्कलकोट रोडला लागला.